गाडीवर नाव घालू नकोस

रुक्माक्का. माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी हे नाव घेतो. आईवडिलांनी वाढवलं, ते आहेच. पण बेंगळूरमध्ये मला पायावर उभं केलं ते तिनं. हे मी माझ्या लग्नात सांगितलं. गावच्या शाळेनं बोलावलं तेव्हा माइक हातात धरून सांगितलं. लोक टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजल्या की मी खाली बघतो, आणि लोकांना तो विनय वाटतो.

तो विनय नाही. त्यामागं जे आहे ते मी गेल्या आठवड्यापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय. सुरुवात केली आहे, आता शेवटापर्यंत जाणार आहे. मध्ये अडखळेन कदाचित, पण थांबणार नाही.

मी जतचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील एसटीच्या डेपोत टायर बदलायचे. शाळा मराठी, कॉलेज जवळच्याच गावातलं. पदवी घेऊन बेंगळूरला आलो आणि शिवाजीनगरच्या बसस्टँडमागं एका खोलीत चौघांत राहिलो. सगळीकडं कन्नड, उर्दू, तमिळ. एके सकाळी गल्लीतून जाताना कानावर आलं, "स्वल्प लवकर आणला असतास सिलिंडर तर तुझं काय बिघडलं असतं रे?" मराठी! मी जागीच उभा राहिलो. ती बाई वळली.

"काय बघतोस? कुठला?"

"जतचा."

"जत? ते कुठं आलं?"

"सांगलीकडं —"

"सरी, असू दे. ते पातेलं धर त्या बाजूनं."

एवढीच ओळख. मी पातेलं धरलं आणि दुपारपर्यंत तिथंच होतो. तिचं घराणं इथं पिढ्यान् पिढ्यांचं. बोलायचं मराठी, वाचायचं कन्नड. देवनागरी अक्षरं तिला लागत नाहीत, कारण शाळा कन्नड. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. लग्नामुंजींचं जेवण ती रांधायची. त्या महिन्याअखेर मी तिच्या स्वयंपाकघरावरच्या खोलीत राहायला गेलो. भाड्याचा विषय काढला की ती म्हणायची, "आधी नोकरी तर लागू दे इंजिनेरा, मग ऐट कर."

नोकरी लागत नव्हती. इंग्रजी तोंडात अडकायचं. रोज कांदा चिरताना ती मला समोर उभं करायची. "चल, सांग तुझ्याबद्दल. इंग्लिशात." मी सांगायचो. तिला त्यातला शब्द कळत नव्हता. तरी म्हणायची, "मान खाली घातलीस. परत." मी परत सांगायचो. "आता मला बघून बोललास, पण खोटं बोलल्यासारखं बोललास. परत." असं करत करत मी मारतहळ्ळीतल्या एका कंपनीत लागलो. रविवारी तिच्याबरोबर कार्याला जायचो, सारूभात वाढायचो. ती मला कन्नड अक्षरंही शिकवायची. बसवरची पाटी वाचायला लावायची आणि चुकलो की हसायची — "बस तू ह्यात, पोचशील भलतीकडं, होसकोटेला."

आता गाडीवर येतो.

तिचा स्वयंपाक एका कंत्राटदाराकडं जायचा. त्याच्या गाड्या, गाड्यांवर त्याचं नाव. ताटात जे पडायचं ते तिचं, पण कौतुक कुणाचं? तिला स्वतःचं काम सुरू करायचं होतं. त्यासाठी पातेली, डबे, शेगड्या न्यायला बंद बॉडीची एक छोटी गाडी हवी होती. नवऱ्यानं केलेल्या पाटल्या विकून ती घ्यायची, असं तिनं ठरवलं. मग मला बोलावलं.

"सुनील, तू बघ कुठली घ्यायची. मला एकच सांग — मोडली तर किती येतील?"

मला वाटलं, अपघाताबद्दल विचारतेय. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अय्यो, फुटली तर नव्हे रे. मोडली तर! सोनं मोडतो तसं. पाटल्या आज मोडल्या तर किती येतात ते मला ठाऊक आहे. गाडीत पैसे घातले तर ते मोडीला किती उरतात, ते तू शिकलेला, तू सांग."

ऑफिसात आम्ही ह्याला रिसेल व्हॅल्यू म्हणायचो. तिनं सोनाराकडचा शब्द सरळ गाडीला लावला होता आणि तो चपखल बसला. पाटल्या मोडून ती गाडी करत होती. उद्या गाडी मोडून पुन्हा काही करता यावं, एवढीच तिची अट.

मी मनापासून कामाला लागलो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे केलं ते आळसानं केलं नाही. शनिवार-रविवार शिवाजीनगरच्या जुन्या गाड्यांच्या दलालांकडं फिरलो. कुठली गाडी लवकर उठते, कुठली उभी राहते ते विचारलं. रंग पांढराच घ्या. गॅसचं किट कंपनीतूनच बसवलेलं असू द्या, बाहेरून बसवलेल्याला गिऱ्हाईक घासाघीस करतं. ज्या गाडीचे भाग प्रत्येक गल्लीत मिळतात तीच घ्या. सर्व्हिस एकाच ठिकाणी करा, पावत्या जपा. हे सगळं खरं होतं, मी तपासलेलं होतं.

एका दलालाला मी निघता निघता विचारलं, की गाडीवर दुकानाचं नाव घातलं तर किंमत पडते का? तो हसला. "नाम का फिकर नक्को साब. थिनर मारे तो गया. इंजिन सुनो."

हा प्रश्न मी का विचारला? अक्कानं विचारायला सांगितला नव्हता; पण गाडीच्या काचेवर तुझं नाव घालते, असं ती एकदा थट्टेत म्हणाली होती. मला उत्तर 'हो, पडते' असं हवं होतं म्हणून विचारला. ते मिळालं नाही. तरीही घरी मी 'पडते' हेच उत्तर नेलं.

घरी कोठीच्या दारावर तिनं पेंटरकडून खडूनं अक्षरं काढून घेतली होती. केवढी मोठी दिसतील ते बघायला. कन्नडमध्ये, हातभर उंचीची: रुक्माक्का अडुगे. अडुगे म्हणजे स्वयंपाक. मी आत आलो तेव्हा ती चार पावलं मागं जाऊन ती अक्षरं बघत होती, डोळे बारीक करून, लांबून येणाऱ्या गाडीकडं बघावं तशी.

"दोन्ही बाजूला हे," ती म्हणाली, "आणि मागच्या काचेवर तू."

"खरंच?"

"सुनील. लोक पोरांची नावं घालतात की काचेवर. मला मूल नाही म्हणून काच रिकामी ठेवू होय?"

ह्यापेक्षा मोठं कुणी मला काही दिलं आहे का? नाही. आणि मी काय केलं? माझ्या डोळ्यांसमोर मारतहळ्ळीचं आमचं ऑफिस आलं. अक्का तिथलंच जेवणाचं काम मिळवायच्या खटपटीत होती, कारण ते 'आपल्या सुनीलचं हापिस'. तिथं माझ्याबरोबर पुण्यामुंबईची मुलं होती, चांगली मुलं. त्यांना मी सांगितलं होतं, की मी आईच्या मावसबहिणीकडं राहतो, त्यांचा फूड बिझनेस आहे. रविवारी मी पंक्तीत वाढतो हे सांगितलं नव्हतं. आता ती गाडी रोज आवारात येणार, काचेवर माझं नाव घेऊन, आणि मागचं दार उघडून अक्का पातेली उतरवणार. कुणीतरी विचारणारच — सुनील म्हणजे आपला सुनील का रे?

तिनं मला शिकवलं होतं तसं, मान वर करून, तिच्याकडं बघून मी म्हणालो, "अक्का, गाडीवर नाव घालू नकोस. नाव घातलं की मोड पडते."

"पडते?"

"बरीच पडते. कोरी गाडी असेल तर चांगली किंमत येते."

तिनं एकदा दाराकडं बघितलं. मला तिचा चेहरा दिसला — दिसला नाही असं म्हणणार नाही. मग शेगडी पुसायचा ओला फडका घेतला आणि अक्षरं पुसली. 'अ'ची वरची गाठ राहिली होती, ती परत येऊन पुसली. "सरी," ती म्हणाली, "कोरी ठेवूया. शिकलेल्या माणसाला विचारून मग आपलंच चालवायचं असेल तर विचारावं कशाला?"

इतक्या खऱ्या गोष्टींमध्ये मी एक खोटी ठेवली, म्हणून ती दिसली नाही. तुम्हाला कुणी पूर्ण विश्वासानं विचारलं आहे का कधी? तेव्हा खोटं बोलणं किती सोपं जातं, ते मला त्या दिवशी कळलं.

गाडी आली. पांढरी, कोरी. पिवळ्या नंबरप्लेटशिवाय तिच्यावर एक अक्षर नव्हतं.

आमच्या आवारातलं जेवणाचं काम तिला मिळालं — आधी काही दिवस चाचणीचं, जमलं तर कायमचं. कंत्राटदाराशी तिनं संबंध तोडले नव्हते, पण त्याला तोंडावर सांगून आली होती, "आता माझं मी बघते." पहिल्या दिवशी काय झालं ते तिनं मला संध्याकाळी, भांडी घासताना सांगितलं. तिच्याच शब्दांत सांगतो.

"फाटकावर अडवलं रे. 'यार् गाडी इदु?' म्हणे. कुणाची गाडी म्हणे. मी म्हटलं, माझी. त्याच्याजवळ यादी, यादीत रुक्माक्का अडुगे. तो गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, ह्यावर तर काहीच नाही. गाडीवर नाव पाहिजे, नाहीतर आतला कुणीतरी ओळखीचा येऊन सांगू दे. मी तुला फोन लावला."

"हो," मी म्हणालो.

"मीटिंग असेल तुझी."

"हो, मीटिंग होती."

"तेच म्हटलं मी नागराजला." नागराज म्हणजे तिचा ड्रायव्हर. "सुनील मोकळा असता तर धावत आला असता. मग बसलो तसेच उन्हात. वरच्या कुणाला तरी विचारून शेवटी सोडलं, तोवर लोक बाहेर जेवून आले होते. भाताचा गोळा झालेला. मॅनेजर म्हणाला, उद्यापासून नको. चूक त्या फाटकावाल्याची नव्हे हं. कोरी गाडी, ओळखणार कशी?"

मग हात पुसत म्हणाली, "पण नाव नाही घालायचं. मोड पडते. एका दिवसासाठी कायमची किंमत का घालवू?"

तेव्हा तरी सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी वर खोलीत गेलो.

ती कंत्राटदाराकडं परत गेली. तो हसला असणार. तिच्या गाडीतून तिचंच जेवण त्याच्या नावानं जात राहिलं. गाडीवर नाव नव्हतंच, त्यामुळं त्याला ते सोयीचंच पडलं. माझी बढती झाली, लग्न झालं, मी एचएसआर लेआउटला राहायला गेलो. महिन्यातून एकदा शिवाजीनगरला जायचो. रस्त्यात कुणाचंही नाव रंगवलेली गाडी दिसली, लाँड्रीची, फुलांची, की मी दुसरीकडं बघायचो. त्यानं काय झालं? काही नाही. मी फक्त बघत नव्हतो.

गेल्या आठवड्यात तिनं ती गाडी विकली. मला मुद्दाम बोलावलं होतं. गिऱ्हाईक फुलांचा व्यापारी, मराठी बोलणारा, तिच्याच ओळखीतला. त्यानं इंजिन चालू करून कान लावला, खाली वाकून गंज बघितला, पावत्या चाळल्या. बाजूच्या पत्र्यावर त्याची नजर गेलीसुद्धा नाही. किंमत चांगली ठरली आणि अक्का खुलली. आजूबाजूचे दुकानदार जमले होते. त्यांना ती माझा हात धरून सांगू लागली, "बघितलंत? एक अक्षर घातलं नाही गाडीवर, म्हणून ही मोड आली. ह्यानं सांगितलं होतं. इंजिनेर आहे तो."

फूलवाला चावी घेत म्हणाला, "मी पयलं पेंटरकडं नेणार बघा अक्का. मुलीचं नाव घालायचंय."

"नको रे!" ती घाईघाईनं म्हणाली. "नाव घालू नकोस. मोड पडते. विचार ह्याला."

तो माझ्याकडं वळला. "होय काय सर?"

मी काय केलं? मी हसलो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. त्यानं ते हो समजून मान डोलावली. अक्का मला म्हणाली, "आता नवी घ्यायची. तसलीच बघ. पांढरी, कोरी."

माझं खोटं तिच्या तोंडून, माझ्याबद्दलच्या तिच्या अभिमानासकट, दुसऱ्या माणसाच्या मुलीपर्यंत गेलं होतं. घरी येताना ठरवलं. ह्या वेळी ती माझ्या खोट्यावर गाडी घेणार नाही. आधी नागराजकडून फूलवाल्याचा नंबर घेतला, त्याला फोन केला आणि सांगितलं, की नावानं किंमत पडत नाही, मी चुकीचं सांगितलं होतं, मुलीचं नाव घाल. तो म्हणाला, "बरं झालं सर, पेंटरला आत्ताच नको म्हणून सांगणार होतो."

अक्काला फोन केला नाही. फोनवर ती "बिडु रे, सोड" म्हणाली असती आणि मी सोडलं असतं. समोर गेलो असतो तर तिनं आधी जेवायला वाढलं असतं. म्हणून पत्र लिहिलं. भाषा आमची मराठी, अक्षरं कन्नड, तिनंच शिकवलेली. म्हणजे ते तिला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. जोडाक्षरं चुकली असतील.

एक गोष्ट मी तुम्हालाही अजून सांगितलेली नाही. ती आधी तिला कळावी असं वाटत होतं. पत्र तिला पोचल्याचं नागराजनं काल कळवलं. आता ते जसं पाठवलं तसं देतो.

*

रुक्माक्का,

गाडीवर नाव घातल्यानं मोड पडत नाही. हे मला तेव्हाच ठाऊक होतं. शिवाजीनगरच्या दलालाला मी विचारलं होतं आणि त्यानं सांगितलं होतं, की नाव थिनरनं निघतं. तरी तुला मी उलटं सांगितलं. ऑफिसातल्या लोकांना माझं नाव तुझ्या गाडीवर दिसू नये म्हणून सांगितलं. दुसरं कारण नव्हतं.

फूलवाल्याला मी खरं काय ते कळवलं आहे.

नवी गाडी पांढरीच घे, ते बरोबर आहे. गॅसचं किट कंपनीचंच घे. ह्या खेपेला थोडी उंच बॉडी घे, म्हणजे शेगड्या आडव्या ठेवाव्या लागणार नाहीत. घेताना दुसऱ्या कुणालाही सोबत नेऊन खात्री कर, माझ्या एकट्याच्या शब्दावर घेऊ नकोस. गाडीवर काय लिहायचं आणि काय नाही, ते तुझं तू ठरव. त्यात मी बोलणार नाही.

आणखी एक आहे. आमच्या फाटकावर तुला अडवलं त्या दिवशी माझी मीटिंग नव्हती. मी अमेय नावाच्या मित्राबरोबर चहाला निघालो होतो. आम्ही फाटकाच्या आतल्या बाजूला, झाडाखाली होतो. तू गाडीतून उतरून त्या माणसाशी बोलत होतीस. तुझी पाठ माझ्याकडं होती. तू कमरेची पिशवी उघडून फोन काढलास, चष्मा लावलास आणि नंबर शोधलास. ते मी बघितलं. मग माझ्या हातातला फोन वाजला. मी त्याचा आवाज बंद केला. तू फोन कानाला लावून बराच वेळ उभी होतीस.

मग तू वैतागून मराठीत काहीतरी बोललीस. अमेय मराठी आहे, त्यानं ते ऐकलं आणि हसून मला विचारलं, "कोण आहेत रे त्या?"

मी म्हणालो, "असतील कुणीतरी." आणि आम्ही मागच्या दारानं चहाला गेलो.

सुनील